नाव न घेता

ऑरेंज व्हॅली
१२ मार्च

प्रिय भाई,

रविवारी तू फोन करतोस तेव्हा मी तिथेच असते, मायच्या शेजारी, तुरीचे ओले दाणे सोलत. माय फोन माझ्याकडे करते आणि तोवर तो बंद झालेला असतो. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच कापता येत नाही, फार तर फाडता येतं.

माझ्या नोकरीचं मायनं तुला तिच्या पद्धतीनं सांगितलं असेल, "रोश्नी पार्लमेंटात आहे" म्हणून. तसं काही नाही. मी सिनेटर यूलाली क्वामिना यांच्याकडे मदतनीस आहे. आमच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस होत्या त्याच. त्या सरकारच्या नाहीत आणि विरोधकांच्याही नाहीत. राष्ट्रपतींनी नेमलेल्या नऊ स्वतंत्रांपैकी एक आहेत. पाठीमागे पक्ष नाही, त्यामुळे माहिती काढून द्यायला पक्षाचं कार्यालयही नाही. मी आहे. जुने निवाडे, आकडे, बाहेरच्या देशांतले कायदे मी गोळा करते आणि मिस त्यातलं काय घ्यायचं ते ठरवतात. सिनेटमध्ये भाषणाला योगदान म्हणतात. पहिल्या आठवड्यात "सिनेटर क्वामिनांचं योगदान अजून आलं नाही" असं कुणीतरी म्हणालं, तर मला वाटलं वर्गणी राहिली आहे, आणि मी पाकीट काढलं. अजून त्यावरून हसतात.

तू म्हणशील, ही मुद्द्यावर येईपर्यंत भरती येऊन ओहोटी लागते. आले.

सरकारनं जामिनाचं विधेयक आणलं आहे. ज्याच्यावर बंदूक बाळगल्याचा आरोप आहे, त्याला चार महिने कुठल्याही कोर्टानं जामीन द्यायचा नाही. नुसता आरोप, भाई. माणसाचा हक्क काढून घेणारं विधेयक आहे म्हणून साधं बहुमत पुरत नाही. सरकारला स्वतंत्रांपैकी तिघांची मतं हवीत. दोन मिळणार हे सगळे धरून चालले आहेत. तिसरं कुणाचं, ते कुणालाच माहीत नाही. मिसचंही ठरलेलं नाही. त्यांच्या रस्त्यावर गेल्या महिन्यात एका पोरीला घरात बसल्या जागी गोळी लागली. त्या मला म्हणाल्या, "रोश्नी, आकडे नकोत. आकडे दोन्ही बाजूंना आहेत. आत चार महिने म्हणजे काय, ते मला कुणीतरी सांगायला हवं."

मला ते माहीत आहे, कारण तू मला सांगितलं होतंस. सुटून आलास त्या आठवड्यात, धक्क्यावर, जाळं शिवता शिवता, माझ्याकडे न बघता. दुसऱ्याची बंदूक तुझ्या बोटीत सापडली आणि तू वर्षाहून जास्त आत राहिलास. पाळीपाळीनं झोपायचं. कोर्टाच्या तारखेला गाडीच यायची नाही आणि तारीख पुढे जायची. मग पप्पा गेले आणि तुला सोडलं नाही. वॉटरलूच्या किनाऱ्यावर चिता रचलेली, मोठा मुलगा नाही, आणि अग्नी दिला काकाच्या देओनाथनं. शेवटी साक्षीदारच आला नाही म्हणून खटला निकालात निघाला. तू घरी आलास आणि दोन महिन्यांत टोबॅगोला निघून गेलास.

हे मी मिसना सांगू का? त्या सभागृहात सांगतील. तुझं नाव घेणार नाहीत, गावाचं घेणार नाहीत. हो किंवा नाही, एवढंच कळव. नाही म्हणालास तर मी तोंड उघडणार नाही.

तुझी
रोश्नी

हे पत्र तीनदा वाचून मगच बंद करते आहे. हसू नकोस. चहात साखर घालतानाही मी आधी डबा हुंगून बघते, असं तूच सगळ्यांना सांगायचास.


पोर्ट ऑफ स्पेन
३० मार्च

प्रिय भाई,

तुझं उत्तर आलं नाही. टपाल हरवलं असेल म्हणून मी तुझ्या शार्लटव्हिलला मिस्टर ॲलनच्या दुकानात फोन केला. म्हणाले, "पोचलं ना. मीच त्याच्या हातात दिलं."

"वाचलं त्यानं?"

"माझ्यासमोर वाचलं. घडी घालून खिशात टाकलं."

"काही म्हणाला?"

"बर्फ मागितला. मासे होते ना त्याच्याकडे."

मी त्यावर पुष्कळ विचार केला. पप्पांना आपण काही विचारलं आणि त्यांना ते नको असलं, की वाक्य संपायच्या आत ते गरजायचे. हवं असलं की गप्प राहायचे. मी युनिव्हर्सिटीत जाऊ का, हे मी त्यांना मागच्या पायरीवर विचारलं होतं. ते गळ पारखत बसले होते आणि पारखतच राहिले. माय आतून म्हणाली, "झालं, हो म्हणालेत. आता परत विचारू नकोस, चिडतील." मोठ्या माणसाला आपण दुसऱ्यांदा विचारत नाही. आता घरात मोठा तूच आहेस.

मिसनी मला तुझ्याबद्दल विचारलं. तुला लिहून कळवलं आहे, असं मी त्यांना सांगितलं.

तुझी गोष्ट मी सांगितली. ती त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मग चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाल्या, "मी या विधेयकाच्या बाजूनं जाणार होते, तुला ठाऊक आहे?" मला ठाऊक नव्हतं. आता जाणार नाहीत. मी सांगितलेल्या गोष्टीवर एवढ्या मोठ्या माणसानं मत बदललं. मायनं काल विचारलं, एकटीच का हसतेस.

लिहिलेलं भाषण वाचायची तिथे मुभा नाही, म्हणून मिस छोट्या कार्डांवर दोन-दोन शब्द लिहून उभ्या राहतात. आम्ही तुझ्या गोष्टीतून गाव काढलं, वय काढलं, बोटीचं नाव काढलं. वॉटरलू ठेवलं, कारण चितेशिवाय ती गोष्टच राहत नाही. कोर्टाची गाडी न आल्याचंही ठेवलं.

चर्चा पुढच्या पंधरवड्यात आहे. तोवर लिहिलंस तर वेळ आहे. नाही लिहिलंस तर मी समजेन.

रोश्नी


ऑरेंज व्हॅली
१७ एप्रिल

भाई,

तू रेडिओवर ऐकलंस की नाही, मला माहीत नाही. ऐकलं नसशील तर दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

मिस दुपारी उभ्या राहिल्या. सरकारच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "हेडमिस्ट्रेस आल्या, वह्या काढा!" बाक बडवले. मिसनी चष्म्यावरून तिकडे बघितलं. "तुमची वही मी तपासलेली आहे, सिनेटर. म्हणूनच काळजी वाटते." मग समोरचे बाक वाजले. अध्यक्षबाईंनी दोन्हीकडे दटावलं.

मग त्यांनी तुझी गोष्ट सांगितली. एका तरुण कोळ्याची, नाव न घेता. वर्णन फार केलं नाही. झोपायच्या पाळ्या सांगितल्या. गाडीची वाट बघणं सांगितलं. म्हणाल्या, "किनाऱ्यावरची चिता भरतीच्या आधी पेटवावी लागते, अध्यक्ष महोदया. समुद्र कोर्टाची पुढची तारीख विचारत नाही." माझ्या शेजारचा अधिकारी पेनाचं टोपण काढत-लावत होता, तो थांबला. शेवटी त्या म्हणाल्या, "ज्याच्यावर काहीच सिद्ध झालं नाही, त्या मुलाला बापाचं शेवटचं काम करायला आपण जाऊ दिलं नाही." ते वाक्य माझं होतं. त्यातला "आपण" मिसचा.

चार-साडेचारला चहाची सुट्टी होते. सिनेटर सीली पोलोरीच्या भज्यांची बशी घेऊन मिसजवळ आले. तेही स्वतंत्र आहेत, निवृत्त सर्वेक्षक. तिसरं मत त्यांचं असेल, असं लोक बोलत होते.

"यूलाली, माझं मत फिरवलंस तू. बायको मला आज घरात घेणार नाही. तिच्या भावाला लुटलंय बंदूक दाखवून."

"तिला माझ्याकडे पाठव, गार्नेट."

"तिला कोण पाठवतंय! तू ये आमच्याकडे, मी बाहेर बसतो."

मी भिंतीला टेकून उभी होते. मला तुझी आठवण आली आणि बरं वाटलं. हे आता लिहायला नको होतं. पलीकडे मंत्र्यांची दोन माणसं फोनवर बोलत होती. ते मी बघितलं. त्याचा अर्थ मला लागला नाही.

विधेयक मांडणाऱ्याला शेवटी सगळ्यांना उत्तर द्यायचा हक्क असतो आणि त्यानंतर कुणालाच उठता येत नाही. हा नियम मला पाठ आहे. परीक्षेत आला तर मी त्याचा क्रमांकही लिहीन. चहानंतर मंत्री उठले. ते आवाज चढवत नाहीत. "सन्माननीय सिनेटरांनी नाव घेतलं नाही, मीही घेणार नाही. पण देश लहान आहे, अध्यक्ष महोदया. कोळ्याचा मुलगा, वॉटरलूची चिता, त्याच दिवसांतली कोर्टाची तारीख. मी चौकशी केली. त्या तरुणाला अंत्यविधीला जायची परवानगी मिळाली होती. पहारेकरी ठरले होते. गाडी दारात उभी होती. त्यानंच जायला नकार दिला." मग त्यांनी मिसकडे बघितलं. "आपण अडवलं नाही. तो गेला नाही."

"योगदान, योगदान!" असं कुणीतरी ओरडलं आणि सरकारच्या बाकांवरचे सगळे हसले. मिस अर्ध्या उठल्या होत्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, "सिनेटर, बसा." त्या बसल्या आणि मान वळवून मला शोधू लागल्या. मी त्यांच्या नजरेला नजर देऊ शकले नाही.

मग एकेकाचं नाव पुकारून मत घेतलं. मिस "नाही" म्हणाल्या. सीलींचं नाव दोनदा पुकारावं लागलं. ते "हो" म्हणाले. विधेयक त्या एका मतावर पास झालं.

भाई, हे खरं आहे का? मी प्रत्येक गोष्ट तपासली होती. तारखा, कलमं, गाडी न आल्याच्या वर्तमानपत्रातल्या बातम्या. तेवढी एक तपासली नाही, कारण ती तू सांगितली होतीस.

घरी आले तेव्हा रेडिओ बंद होता. रुक्मिन मौसी माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज खरखर फार होती. काही नीट ऐकू आलं नाही," आणि चपला घालून निघून गेली. माय चुलीपाशी होती. म्हणाली, "जेवून घे. भाजी निवली." त्यानंतर आजपर्यंत तिनं तो विषय काढलेला नाही.

रोश्नी


ऑरेंज व्हॅली
२ मे

भाई,

दोन रविवार तुझा फोन आला नाही. माय तरीही फोन मांडीवर घेऊन बसते. दाणे सोलून संपले की सालं पुन्हा चाचपते, एखादा राहिला का बघायला.

गावात काय बोलतात ते दुसरा कुणीतरी मीठमसाला लावून सांगेल, म्हणून मीच सांगते. देओनाथ रमच्या दुकानाबाहेर सगळ्यांना डोकं दाखवतो. "मग माझं का भादरलं? महिनाभर टोपी घालून फिरलो मी! म्हणे सोडत नाहीत त्याला. अरे, गाडी दारात!" मी मॅक्सी-टॅक्सीची वाट बघत उभी होते तर मला म्हणाला, "तुझ्या मिसना सांग, पुढच्या वेळी मला न्या. मी देतो योगदान." लोक हसले. मीही थोडं हसले. का हसले, ते मला कळत नाही.

आता मार्चअखेरच्या पत्रातलं एक दुरुस्त करायचं आहे. मिसनी विचारलं तेव्हा तुला लिहून कळवलं असं मी सांगितलं, असं मी तुला लिहिलं होतं. त्यांनी जे विचारलं ते असं होतं: "तुझ्या भावानं हो म्हटलंय?" आणि मी म्हटलं, "हो, मिस."

हे मी त्यांनाही सांगितलं. त्यांच्या घरी, पुढच्या ओसरीत. राजीनामा लिहून नेला होता.

"हे काय? रजेचा अर्ज?"

"राजीनामा, मिस."

त्यांनी तो वाचलाही नाही. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझ्या भावानं तुला जे सांगितलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आतून आलेला माणूस जेवढं सांगता येतं तेवढं सांगतो. पण मी तुला विचारलं होतं आणि तू मला उत्तर दिलं होतंस."

"हो, मिस."

"चाळीस वर्षं मुलींना विचारत आले, गृहपाठ केलास का. 'हो, मिस' कसं ऐकायचं ते मला कळायला हवं होतं." मग राजीनामा माझ्याकडे सरकवला. "घेऊन जा. तू मोकळी होणार, आणि त्या मुलाला काय सांगायचं ते मी एकटीनं शोधायचं? बस खाली."

अध्यक्षांची परवानगी घेऊन सिनेटरला सभागृहात एक वैयक्तिक खुलासा करता येतो. त्या माणसाची संमती नसताना मी त्याची गोष्ट सांगितली, असं मिस उभ्या राहून सांगायला तयार आहेत. कायदा त्यानं बदलणार नाही. पण चूक कुणाची, ते तरी नोंदलं जाईल. मला वाटलं, त्या लगेच करतील. त्या म्हणाल्या, "त्याच्या आयुष्याबद्दल त्याला न विचारता मी एकदा बोलले आहे. दुसऱ्यांदा नाही. लिही त्याला. आणि या वेळी उत्तर येईपर्यंत थांब. वर्ष लागलं तरी."

म्हणून विचारते आहे. मिसनी खुलासा करावा का? उत्तर आलं नाही, तर उत्तर आलं नाही एवढंच मी धरीन.

नव्या कायद्याखाली पहिली पोरं आत गेली. पेपरात फोटो होता. एकाची आई कोर्टाबाहेर कठड्यावर बसली आहे, चपला काढून हातात घेतलेल्या. मी तो फोटो बघत असताना मायही मागून बघत होती. तिनं विचारलं, "चालत आली असेल का गं?"

रोश्नी


ऑरेंज व्हॅली
२४ मे

प्रिय भाई,

तुझं पत्र मिळालं. मी ते मायसमोर उघडलं नाही. मिस्टर ॲलनच्या दुकानाच्या बिलामागे लिहिलेलं, पेन्सिलीनं. मला ते आता पाठ झालं आहे.

"बाईंनी काही बोलू नये. उकरून काय मिळणार. तू विचारलंस तेव्हा मला नाही म्हणायचं होतं. पण नाही लिहिलं असतं तर का, ते पण लिहावं लागलं असतं. गप्प म्हणजे हो, हे पप्पांचं. मी पप्पा नाही. गाडी दारात होती हे खरं आहे. हातकड्या काढणार नव्हते. सगळ्या गावासमोर, पप्पांसमोर, तशा हातांनी मी अग्नी देणार नव्हतो. मायपाशी यातलं काही काढू नकोस."

मी काढलेलं नाही. मिसना फक्त पहिलं वाक्य सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या. त्या आता कुणाचीच गोष्ट सांगत नाहीत. परवा पाणीपुरवठ्याच्या विधेयकावर त्यांचं योगदान होतं, सगळे आकडे आणि कलमं. सरकारच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आज गोष्ट नाही, मिस?" त्या म्हणाल्या, "ज्याची आहे त्याच्याकडे आहे," आणि पुढच्या कार्डावर गेल्या. सीली तेव्हा खाली बघत होते. ते मिसशी अजून बोलत नाहीत. माझ्याशी बोलतात, फार सौम्यपणे, आणि ते मला सहन होत नाही.

तू नाही लिहिलं असतंस तर काय झालं असतं, ते मी रोज मनात मांडते. मिसनी कदाचित "हो" म्हटलं असतं आणि विधेयक तसंही पास झालं असतं. किंवा त्यांनी दुसरं काही शोधलं असतं आणि ते पडलं असतं. कुठल्याही बाजूनं मांडलं तरी तुझी गोष्ट तुझ्याकडे राहिली असती. दरवेळी एवढं एकच उत्तर येतं.

आता मायबद्दल.

शनिवारी आम्ही कुचेल्याच्या लोणच्यासाठी कैऱ्या किसत होतो. झाडाला यंदा फांद्या मोडतील एवढ्या लागल्या आहेत. माय एकदम म्हणाली, "तो मंत्री म्हणाला गाडी दारात होती. हातकड्यांचं काही म्हणाला का?"

मी किसणीवरून नजर काढली नाही. "नाही. मंत्री काही म्हणाले नाहीत."

"मंत्री नाही म्हणाला. मग कोण म्हणालं?"

"माय, मला विचारू नकोस."

"विशमचं पत्र आलंय."

"आलंय. पण मला विचारू नकोस. मी नाही सांगणार."

मला वाटलं, ती चिडेल. ती म्हणाली, "बरं केलंस," आणि पुढची कैरी घेतली. ती किसून संपवली. मग तिनं मला त्या दिवसाचं सांगितलं. वॉटरलूचं. सबंध सांगितलं, रडली नाही, मध्ये दोनदा कोंबड्यांना हाकललं. मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते त्या दिवशी, भाई, आणि मला त्यातलं काही माहीत नव्हतं.

मी विचारलं, "हे मी भाईला लिहू?"

"नाही."

"मग फोनवर तू सांगशील?"

"असलं फोनवर सांगतात होय?"

मग हात धुऊन आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, एवढं लिही. मी तिच्यासमोर कागदावर उतरवलं आणि तिनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. ते असं आहे:

"पंडितजी म्हणत होते, थोडं थांबू, भरतीला वेळ आहे, मुलाला आणतायत म्हणे. मीच म्हटलं, थांबू नका, लावा. देओनाथच्या हातात लाकूड मी दिलं. घाई मी केली. का केली, ते मी त्याला सांगेन."

याच्या पुढचं मला माहीत आहे. ते मी लिहिणार नाही. तुझं मला माहीत आहे, ते तिला सांगितलेलं नाही. तुम्ही दोघं वर्षानुवर्षं रविवारी फोनवर बाजारभाव बोलता आणि मी दोघांच्या मध्ये बसून दाणे सोलते. आता माझ्याकडे दोन्हीकडचं आहे आणि त्यातलं काहीच माझं नाही.

संध्याकाळी तिनं विचारलं, "टोबॅगोची बोट कुठून सुटते?"

"पोर्ट ऑफ स्पेनहून. पण माय, तुला उलट्या होतील. मोठी बोट फार हलते म्हणतात."

"तुझ्या पप्पांच्या बोटीतून मी सातव्या महिन्यात गेलेय कारोनी नदीच्या तोंडापर्यंत. तूच होतीस पोटात."

"तेव्हा नाही झाल्या उलट्या?"

"झाल्या की. पण बोट ओळखीची होती."

तर ती येते आहे. येत्या शुक्रवारी, सकाळच्या बोटीनं, स्कारबरोला. मी धक्क्यापर्यंत सोडायला जाईन, पुढे यायचं नाही असं तिनं बजावलं आहे. तिकीट मी काढलं. आकाशी ओढणी घेणार आहे, म्हणजे गर्दीत दिसेल. कुचेल्याची बरणी तिनं कुणाच्या हातात द्यायची नाही असं ठरवलं आहे आणि बरणी जड आहे, तेव्हा आधी ती तिच्या हातून घे. मग तिला कुठेतरी सावलीत बसव आणि बोलू दे. मध्ये थांबवू नकोस. ती सुरुवात कुठून तरी लांबून करते, तुला माहीत आहे.

तू धक्क्यावर येशील का, याचं उत्तर मी मागत नाही आणि गृहीतही धरत नाही. तू आला नाहीस, तर शार्लटव्हिलची बस कुठली, मिस्टर ॲलनचं दुकान कुठलं, असं विचारत विचारत ती पोचेल. तिला पाट्या वाचता येत नाहीत. पण माणसाला विचारायचं आणि तो उत्तर देईपर्यंत समोर उभं राहायचं, हे तिला येतं.

रोश्नी